जुनी पेटी आणि नवी कुलुपे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला वाटले, लोणच्यांवर नाहीतर भरतकामावर बोलायचे असेल. गेल्या कित्येक वर्षांत या दोन विषयांवाचून मला कोणी काही विचारलेले नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या पेटीची हकिगत सांगा." मी म्हटले, "अहो, त्यात सांगण्यासारखे काय आहे? ती तर माझ्या फजितीची गोष्ट." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगा. एकीची फजिती ऐकून दहाजणी सावध होतील." यावर मला काही उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. मी काही यंत्रशास्त्र शिकलेली बाई नव्हे. शाळेत तीस वर्षे गणित शिकवले, एवढीच माझी विद्या. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणेअधिक आले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते सांगते. पोळ्यांच्या डब्याहून थोडी मोठी अशी ती काळी पेटी आहे. तिच्या पोटात दोन हार्ड डिस्क असतात. ती वायफायच्या राउटरला तारेने जोडली, म्हणजे घरातल्या कोणत्याही संगणकावरून तिच्यात छायाचित्रे, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे ठेवता येतात आणि हवी तेव्हा पाहता येतात. तिला 'नेटवर्क स्टोरेज' म्हणतात. आमच्या घरी तिचे नाव पेटी. घराची सामायिक कोठी म्हणा ना! आत डिस्क दोन अशासाठी, की एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. एक गेली तरी दुसरी राहते.

ही पेटी आमच्या घरी का आली, हे सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या भगिनींना फार सांगायला नको. २००५ च्या पुरात आमच्या माजघरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तो लग्नापासूनचे सारे अल्बम भिजून, चिकटून त्यांच्या विटा झालेल्या. ह्यांनी पंख्याखाली दोऱ्या बांधून, जेवढे फोटो सुटे होतील तेवढे वाळवले. मग स्कॅनर आणला आणि रोज रात्री जेवणानंतर एकेक फोटो, एकेक पत्र त्यात घालू लागले. २०१० साली ही पेटी विकत आणली आणि ते सगळे तिच्यात नेऊन ठेवले. सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, त्याही ठेवल्या. पुढच्याच वर्षी, तेव्हाच्या अध्यक्षाबाईंच्या सांगण्यावरून, आपल्या मंडळाच्या स्थापनेपासूनच्या इतिवृत्ताच्या वह्या आणि जुनी छायाचित्रेही त्यांनी स्कॅन केली. वह्या परत मंडळाच्या कपाटात गेल्या, त्यांची प्रत आमच्या पेटीत राहिली.

२०१८ मध्ये हे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी चढू लागले. आयर्विन पुलाजवळची पातळी कोण किती सांगतो, इकडे सगळ्यांचे कान. त्या रात्री मी दागिने घेतले, घराचे कागद घेतले आणि तांदळाच्या रिकाम्या डब्यात घालून ही पेटी माडीवर नेली. पेटी वाचली. मंडळाचे कपाट मात्र तीन दिवस पाण्याखाली होते. त्यातल्या वह्यांचे काय झाले, ते तो चिखल उपसायला आलेल्या भगिनींनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे पाहा, त्या दिवसापासून आपल्या मंडळाचा सारा जुना इतिहास त्या एका काळ्या पेटीत उरला, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

आता माझ्या फजितीकडे वळते.

ह्यांचा जुना संगणक २०२२ च्या पावसाळ्यात बंद पडला. त्याचे वयच झाले होते. मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला. त्यावर बँकेचे काम होई, नातवंडांशी बोलता येई, विजेचे बिल भरता येई, सगळे झकास. एक दिवस हौसेने पेटी उघडायला गेले, तर उघडेना. पेटीला दोन दारे असतात. एक कोठीचे, ज्यातून फायली आत-बाहेर जातात. दुसरे कारभाराचे, ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता घातला की एक पान उघडते आणि पेटीची तब्येत, तिच्या नोंदी, तिच्या सोयी त्यावर दिसतात. माझ्या नव्या लॅपटॉपला ही दोन्ही दारे बंद. कोठी सापडतच नव्हती, आणि कारभाराच्या पानाऐवजी 'सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी येत होती.

मला वाटले, माझ्याच हातून काही बिघडले. मुलाला सांगावे, तर तो कामाच्या गडबडीत. 'नंतर बघू' असे म्हणून मी लॅपटॉप मिटला. भगिनींनो, हे 'नंतर' दोन वर्षे चालले. पेटी चालू होती, तिचा बारीक घुंघुं आवाज येत होता, म्हणजे आतले सामान सुरक्षित आहे असे मी धरून चालले. इतकेच नव्हे, तर धूळ बसू नये म्हणून तिच्यावर क्रोशाचे सुरेख झाकण विणून घातले. मध्यंतरी दोन दिवस घरात काहीतरी पीं पीं वाजत होते. मी इन्व्हर्टरवाल्याला बोलावले. त्याने सगळ्या तारा काढून पुन्हा घातल्या आणि आवाज थांबला. मी त्याला चहा दिला, पैसे दिले आणि ती गोष्ट विसरून गेले.

२०२४ च्या दिवाळीनंतर या स्मरणिकेचे ठरले आणि चिटणीसबाईंनी मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाचे छायाचित्र मागितले. आता मात्र पेटी उघडणे भागच होते. शेजारचा एक हुशार मुलगा आला. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काकू, एवढंच ना? तुमच्या लॅपटॉपवर जुन्या पद्धती परत चालू करून देतो. मग सगळं उघडेल." मुलगा मनाचा चांगला. त्याला मी हो म्हणणारच होते, पण तीस वर्षांच्या मास्तरकीची सवय, म्हणून विचारले, "या पद्धती बंद कोणी केल्या आणि का केल्या?" ते काही त्याला सांगता येईना. मी म्हटले, "बाळ, थोडं थांब." आणि मिरजेच्या बहिणीच्या मुलाला फोन केला. तो पुण्याला संगणकाच्याच कामात आहे. पुढच्या रविवारी तो आला, आणि जे त्याने मला समजावून दिले तेच मी माझ्या भाषेत आपल्याला सांगते.

दोन संगणक एकमेकांशी गुप्तपणे बोलू लागण्यापूर्वी त्यांची एक बैठक होते. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात ना, तशी. मला कोणकोणत्या गुप्त लिपी येतात, कोणती कुलुपे माझ्यापाशी आहेत, याची यादी एक पक्ष वाचतो. दुसरा पक्ष त्यातले आपल्याला चालणारे त्यातल्या त्यात चांगले निवडतो. दोघांच्या यादीत एकही समान कुलूप नसेल, तर बैठक मोडते. भांडण नाही, तंटा नाही; बोलणेच सुरू होत नाही. माझ्या पेटीचे आणि लॅपटॉपचे नेमके हेच झाले होते.

पेटीला येत होती ती लिपी १९९९ साली ठरलेली. त्या घराण्याचे नाव टीएलएस. २००८ साली तिची बरीच मजबूत आवृत्ती आली, २०१८ साली आणखी नवी आली. जुन्या लिपीत दोष सापडत गेले होते, म्हणून क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले, की २०२० पासून आम्ही जुन्या दोन आवृत्त्या घेणार नाही. मार्च २०२१ मध्ये तर इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी त्या रीतसर रद्दच केल्या. माझ्या पेटीला तिच्या कंपनीकडून शेवटची सुधारणा मिळाली ती २०१४ मध्ये. मग तिला नवी लिपी शिकवणार कोण?

माझ्या आजेसासऱ्यांचे जमिनीचे कागद मोडीत आहेत. कागद खरे आहेत, शाई शाबूत आहे, पण घरात ते वाचणारे कोणी नाही. पेटीचे तसे झाले होते. पेटी बिघडली नव्हती. तिची बोली समजणारे घरात कोणी उरले नव्हते. फरक एवढाच, की मोडी वाचल्याने कोणाचे नुकसान होत नाही. ही जुनी लिपी मात्र दुबळे कुलूप आहे, आणि ते आपल्या दाराला लावून बसणे धोक्याचे आहे.

धोका किती, तेही भाच्याने सांगितले. कोठीच्या दाराची जी जुनी बोली, एसएमबी-१ नावाची, तिच्या विंडोजमधल्या एका भगदाडातून मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांत तो शिरला, आतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती करून घेतली नव्हती ते सापडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोजने ही बोली आपल्या घरातून हळूहळू काढून टाकायला घेतली. म्हणून माझ्या नव्या लॅपटॉपला कोठी दिसत नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "ज्या लॅपटॉपवर तुझं पेन्शनचं खातं आहे, त्याच्यावर ही जुनी दारं उघडायची नाहीत. माळ्यावरच्या एका ट्रंकेसाठी पुढच्या दाराची कडी कायमची काढून ठेवशील का?"

मी म्हटले, "ठेवणार नाही. पण मग ट्रंक उघडायची कशी?"

"ट्रंकेपाशी आपण जाऊ. तिला अंगणात आणायची नाही."

त्याने काय केले ते नीट ऐका, कारण यात कळीची गोष्ट आहे. त्याच्याकडे २०११ चा एक लॅपटॉप पडून होता. त्याच्यावर त्याच काळातली विंडोज आणि त्याच काळातला ब्राउझर. त्याचे वायफाय त्याने पूर्ण बंद केले. पेटीची तार राउटरमधून काढली आणि सरळ त्या लॅपटॉपला लावली. म्हणजे एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप आणि मध्ये हातभर तार. इंटरनेटचा तिथे वाराही लागत नव्हता.

आता राउटर मध्ये नसला की पत्ते कोण वाटणार? ह्यांनी आपल्या डायरीत पेटीचा पत्ता लिहून ठेवला होता. चार आकड्यांचा असतो, मध्ये टिंबे. भाच्याने लॅपटॉपला त्याच गल्लीतला शेजारचा नंबर दिला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच आणि शेवटचा वेगळा. मग जुन्या ब्राउझरमध्ये तो पत्ता घातला. पुन्हा एक इशारा आला. पेटीच्या ओळखपत्राची मुदत २०२० मध्येच संपली होती, शिवाय त्यावरचा शिक्का जुन्या पद्धतीचा होता. त्या शिक्क्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या आणि गूगलच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या कागदांना एकच अंगठा लावून दाखवला होता, म्हणून तोही भरवशाचा राहिला नाही.

मी म्हटले, "अरे, असा इशारा आला की पुढे जायचे नाही, असे तूच मला सांगतोस ना?"

तो म्हणाला, "बरोबर. बाहेरच्या कोणाचंही पान असेल तर कधीच जायचं नाही. ओळखपत्र कशाला लागतं? समोरचा खरा तोच आहे की मध्ये कोणी तोतया बसलाय, हे कळायला. इथे मध्ये कोण आहे?"

मी तारेकडे पाहिले. मध्ये कोणीच नव्हते. मग त्याने पुढे जाऊ दिले, मी डायरीतला पासवर्ड घातला आणि पान उघडले.

मैत्रिणींनो, त्या पानावर मी काय वाचले ते सांगताना आजही माझा आवाज थोडा जड होतो. दुसरी डिस्क चौदा महिन्यांपूर्वीच मेली होती. पहिली एकटी ओझे ओढत होती आणि तिच्यावरही काही ठिकाणी वाचता न येणाऱ्या जागा तयार झाल्या होत्या. खाली नोंदींची यादी होती. ह्यांनी पेटीला शिकवून ठेवले होते, की काही बिनसले तर मेलने पत्र पाठव. ते बिचारे यंत्र चौदा महिने रोज पत्र पाठवू पाहत होते. पण मेल नेणाऱ्या यंत्रांनीही तिची जुनी लिपी घेणे बंद केले होते. 'पत्र गेले नाही', 'पत्र गेले नाही', अशा चारशेहून अधिक ओळी. आणि गेले असते तरी ते ह्यांच्या पत्त्यावर जाणार होते.

मग मी क्रोशाचे झाकण उचलले. पेटीच्या पुढच्या अंगाला नारिंगी दिवा लुकलुकत होता. वर हातही ठेववेना इतकी ती तापली होती. दोन दिवसांची ती पीं पीं कशाची होती, हेही तेव्हा उमगले.

म्हणून मी म्हणते, दार उघडत नाही याचा अर्थ 'आत सगळे जागच्या जागी आहे' असा धरू नये. दार बंद होते म्हणून माझे फोटो मला दिसत नव्हते, हे दुःख लहान. तिचे दुखणे सांगायची वाटही तेच दार होते, हे मोठे.

मला वाटले, आधी नवी डिस्क आणून घालावी. भाच्याने हात धरला. म्हणाला, "नवी घातली की पेटी जुनीवरचं सगळं एका दमात तिच्यावर उतरवायला घेईल. आजारी माणसाला पायऱ्या चढायला लावल्यासारखं होईल. आधी सामान बाहेर काढू, दुरुस्ती मागाहून." मग प्रश्न आला क्रमाचा. तो म्हणाला, "ही डिस्क कधी बसेल सांगता येत नाही. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी. सांग, काय काय?" पूर आल्यावर काय आधी उचलावे, असाच तो प्रश्न होता. मी सांगितले: आधी मंडळाच्या वह्या, मग सासूबाईंचा आवाज, मग पत्रे, मग फोटो. ह्यांनी साठवलेले सिनेमे सगळ्यात शेवटी.

लॅपटॉपला एक नवी डिस्क जोडून आम्ही उतरवायला सुरुवात केली. मंडळाच्या वह्या अर्ध्या तासात आल्या. बाकीचे सामान यायला दोन रात्री आणि एक दिवस लागला. पेटीवरचे झाकण काढून समोर पंखा लावून ठेवला होता. मी मधूनमधून उठून पाहत होते, घरात बाळंतीण असल्यासारखे. अकरा फायली आल्या नाहीत. त्यांत नऊ फोटो होते, एक सिनेमा होता आणि सासूबाईंच्या ओव्यांच्या तीन ध्वनिमुद्रणांपैकी एक होते. ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. नाही आले. वर्षभर आधी दार उघडले असते तर कदाचित आले असते. ही चूक पेटीची नव्हे आणि कुलुपाचीही नव्हे. दोन वर्षे 'नंतर बघू' म्हणणाऱ्या या बाईची आहे.

सामान बाहेर आल्यावर, नव्या लॅपटॉपवर उघडण्यापूर्वी, व्हायरसची तपासणी करून घेतली. मग त्याच्या दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे कपाटात, दुसरी मिरजेला बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर. नदीला तिथवर यायचे तर बरेच कष्ट घ्यावे लागतील.

आता काहीजणींना वाटेल, सामान निघाले, मग ती पेटी भंगारात का घातली नाही? मीही तेच विचारले. खरे सांगते, ह्यांच्या हातची होती म्हणून जीव होईना. भाचा म्हणाला, राहू दे, पण तिच्या वयाला शोभेल अशी राहू दे. दोन्ही डिस्क बदलल्या. या वयाच्या पेट्यांना फार मोठ्या डिस्क चालत नाहीत. आमचीला दोन टीबीपर्यंत चालतात, तेवढ्याच घातल्या. मग त्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा संगणक आणला, रास्पबेरी पाय नावाचा. तो आमचा दुभाषा. पेटीची तार आता राउटरला जात नाही, फक्त या दुभाष्याला जाते. तो पेटीशी तिच्या जुन्या बोलीत बोलतो आणि माझ्या लॅपटॉपशी आजच्या पक्क्या लिपीत. जुनी बोली त्या वीतभर तारेबाहेर पडत नाही. शिवाय पेटीतले फक्त वाचायचे, तिच्यात नवे काही लिहायचे नाही, असे त्याला बजावून ठेवले आहे. पेटी बिघडली तर तो दुभाषा माझ्याच मेलवर पत्र टाकतो. त्याचे पहिले पत्र आले तेव्हा मी ते छापून घेतले.

पेटी इंटरनेटपासून दूर ठेवण्याचा भाच्याचा आग्रह उगाच नव्हता. जून २०२१ मध्ये परदेशातल्या एका मोठ्या कंपनीच्या अशाच जुन्या घरगुती पेट्या, ज्यांना २०१५ नंतर काहीच दुरुस्ती मिळाली नव्हती आणि ज्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या, त्या कोणीतरी दुरूनच रिकाम्या केल्या. लोक सकाळी उठले, तो वर्षानुवर्षांचे फोटो नाहीसे. पेट्या चालू होत्या. आत काही नव्हते.

माझी हकिगत संपली. आता आपल्यासाठी चार गोष्टी सांगते आणि आटोपते घेते.

एक: आपल्या घरी अशी पेटी असेल, किंवा जुनी हार्ड डिस्क, जुना कॅमेरा, जुना फोन असेल, तर तो आजच्या संगणकावर उघडतो का, हे वर्षातून एकदा पाहावे. दिवाळीच्या साफसफाईत हे काम धरावे. आज उघडतो म्हणून पुढच्या वर्षी उघडेलच, असे नाही.

दोन: नवा संगणक घरात आला की जुना लगेच मोडीत देऊ नये. जुनी पेटी नव्यावर उघडली हे डोळ्यांनी पाहावे, मगच जुना द्यावा. तो जुना संगणक म्हणजे त्या पेटीची किल्ली असू शकते.

तीन: कोणी म्हणाले, 'सुरक्षा बंद करून देतो, मग उघडेल,' तर रागावू नये, पण विचारावे, 'कोणत्या यंत्रावर?' ज्या यंत्रावर बँक आहे त्यावर नको. बाजूला ठेवलेल्या, इंटरनेट तोडलेल्या जुन्या यंत्रावर, काम संपेपर्यंत चालेल.

चार: पासवर्ड आणि पत्ता वहीत लिहून ठेवावा, आणि ती वही कोठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगावे. ह्यांनी डायरी लिहिली नसती, तर तो लॅपटॉप आणि ती तार घेऊन आम्ही पेटीसमोर नुसते बसलो असतो.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपल्या मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाचे छायाचित्र छापले आहे. अकरा बायका ओसरीवर बसल्या आहेत, उजवीकडच्या दोघींचे चेहरे थोडे पुसट आहेत. ते पुसटपण २००५ च्या पाण्याचे आहे. ते छायाचित्र या पेटीतून बाहेर आले. वह्यांची सगळी पाने मी छापून मंडळाला दिली आहेत. आता ती खालच्या कपाटात न ठेवता माडीवर ठेवावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

येत्या शनिवारपासून दर पंधरवड्याला, भजनानंतर तासभर, मी तो जुना लॅपटॉप घेऊन मंडळात बसणार आहे. ज्यांच्या घरी न उघडणारे असे काही असेल त्यांनी ते घेऊन यावे. मला सगळे जमेल असे नाही; जे जमणार नाही ते भाचा सुट्टीत आला की पाहील. पण येताना त्यावर झाकण विणून घालू नये.